निघतानाचा शब्द

“आजी, हमारे गेम के लिए एक तहखाना बना दो ना, ऐसा कि सब फँस जाएँ,” बंगळुरूहून नातीचा, भावनाचा फोन आला आणि रायपूरच्या घरात एकट्या राहणाऱ्या विनोदिनीबाईंनी ड्रॉइंग बोर्ड पुसून घेतला. रेल्वेच्या ऑफिसात त्यांनी उभा जन्म नकाशेच काढले होते.

त्यांनी कागदावर आखलेल्या तळघरातल्या बोळाचा उतार इतका बारीक, की माणूस मजलाभर खाली गेला तरी त्याला कळू नये. जिना चढून जावं, तर पुन्हा तीच खोली. भावनाची मित्रमंडळी तेवढंही पार करून गेली, पण शेवटच्या दाराशी अडकली. त्या दाराची युक्ती आजीनं भावनालाही सांगितली नव्हती. मग दर रविवारी तिकडे तो नकाशा पसरून खेळ मांडला, की आजीला फोन यायचा.

“घरून निघताना जे म्हणतात, ते दाराले म्हणा,” आजी सांगायची.

“जाते हैं!” “चलते हैं!” “बाय!” तिकडून सगळे ओरडायचे.

“काहून उघडन ते? आपल्या घरी असं म्हणते का कोणी?”

पाचव्या रविवारी भावना बाकीच्यांना थांबवून स्वतः फोनवर आली. मग कित्येक वर्षांनी मराठीत बोलली, “आजी... येते.”

विनोदिनीबाईंचा नकाशावरचा हात थांबला.

“हव,” त्या म्हणाल्या, आणि हळूच विचारलं, “केव्हा येशीन?”

पण पलीकडे दार उघडल्याचा गलका सुरू झाला होता.