पाचवं स्थळ

सरलाबाईंनी लेकीला भिंतीकडच्या खुर्चीत ढकललं आणि स्वतः आडोशासारख्या मध्ये बसल्या.

मुलगी पाहायला लोक घरी येतात, पोहे खातात, चार प्रश्न विचारतात. या मुलाच्या मावशीनं, शोभाबाईंनी, मायलेकींना अमळनेरहून सुरतेला बोलावलं आणि चहासुद्धा न पाजता नवागामच्या मैदानावर सापांच्या खेळाला आणून बसवलं!

"किरणले मिलमा पाचलेच सुट्टी व्हस," शोभाबाई म्हणाल्या. "तो सीधा आठेच, मैदानवरच येई."

सरलाबाईंना पटेना. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. गावात यांचा एक माणूस चौकशीला आला नव्हता. बाप नसलेला भाचा, कमावता, आणि मावशीला मुलीबद्दल काहीच विचारायचं नाही?

गायत्रीची चार स्थळं मोडली होती. तोंडावर कारण कुणी सांगितलं नाही, पण गावात ते कुणाला माहीत नव्हतं? पोरगी सव्वीस वर्षांची झाली. परमुलखातलं हे स्थळ तरी जाऊन चालणार नव्हतं.

किरण आला. बोटांना डाइंगचा निळा रंग, बोलणं मऊ. गायत्रीकडे पाहून लाजला. मंचावरच्या सर्पमित्रानं पहिली पेटी उघडली, तसे किरणनं पाय खुर्चीवर घेतले.

शोभाबाई मात्र मंचाकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर गायत्रीवर खिळली होती.

"काय देखतस ताई?" सरलाबाईंनी विचारलं.

"काही नही. आम्हनी वस्ती खाडीले लागीसन शे. बरसादमा घरमा काहीबी शिरस. सून धीट पाहिजे."

"आमची कुठली धीट! झुरळाला भिते," सरलाबाई घाईघाईनं म्हणाल्या. गायत्री ओढणीचं टोक चावत खाली बघत राहिली.

"कुणाला हात लावून पाहायचाय?" सर्पमित्रानं विचारलं.

"जाय ना, बेटा," शोभाबाई म्हणाल्या.

"तिचा उपास आहे!" सरलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

सर्पमित्रानं शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाईंनी मान किंचित हलवली. सरलाबाईंनी ते बरोबर टिपलं. म्हणजे यांची ओळख होती! यांनी आपल्याला कशात गोवलं होतं?

तेवढ्यात पुढून किंकाळी आली. हातभर नव्हे, चांगला पुरुषभर लांब साप मंचावरून घसरून खुर्च्यांखाली शिरला होता. लोक एकमेकांना तुडवत पळाले. किरण खुर्चीवर उभा राहून "मावशी, वर ये!" म्हणून ओरडत होता.

गायत्रीनं ओढणीचं टोक तोंडातून सोडलं. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि उठली.

सरलाबाईंनी तिचं मनगट गच्च धरलं. "बस खाले! हाऊच साप धराना नादमा तुना चार स्थळं गयात. या लोकेस्ना देखत तरी धरू नको!"

शोभाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी सरलाबाईंची बोटं एकेक करून सोडवली.

"जाऊ द्या तिले, ताई. ती साप धरस, हाई आयकीसनच तुमले आठे बलायेल शे. धामण शे, इखारी नही. पेटीनं झाकन मीच उघडं ठेवाले सांगेल व्हतं."