सुटलेला हातचा

थोरलीच्या पणजोबांनी लाखापर्यंतच्या, आजोबांनी तिथून पाच लाखांपर्यंतच्या आणि वडिलांनी त्यापुढच्या भाजकांनी जन्मभर भागून पाहिलेली एक्कावन्न अंकी संख्या संगणकाने पापणी लवण्याच्या आत फोडली. भाजक निघाला अवघा चार अंकी : ४२७३.

थोरली पडद्याकडे पाहतच राहिली. चार अंकी, म्हणजे पणजोबांच्या वाट्यातला.

पणजोबा वेधशाळेचे मुख्य गणक. शेजारच्या मेजावरच्या सोबत्याने एकदा सांगितले, ही संख्या संयुक्त आहे; मूळ संख्या ज्या कसोटीला उतरतेच, तिला ही उतरत नाही.

"मग भाजक दाखव," पणजोबा म्हणाले.

त्याच्यापाशी भाजक नव्हता, सिद्धता होती. भाजक हाती नसतानाही संख्या संयुक्त ठरवता येते, हे तिथे कोणाला पटले नाही. खोटा ठरून तो नोकरी सोडून नदीपलीकडच्या आपल्या गावी निघाला, तेव्हा पणजोबांनी सर्वांसमक्ष शब्द दिला : भाजक सापडलाच, तर आमच्या घरचे माणूस तुझ्या दारी येऊन चूक कबूल करील.

तेव्हापासून घरात एकच शिस्त. बापाने जिथे सोडले तिथून मुलाने पुढे जायचे. मागचे तपासायचे नाही.

थोरलीने पणजोबांची वही मेजावर ठेवली. ती आपोआप उघडली, नेमकी ४२७३च्या भागाकाराच्या पानावर. तिथली शिवण पार उसवली होती. वहीचेही वय झाले, ती मनाशी म्हणाली. बाविसाव्या पायरीला वजाबाकीतला हातचा सुटला होता. शेवटी शून्य यायची ती बाकी चारशे नऊ आली होती.

चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील खिडकीशी बसून भागाकार करीत होते.

"कुठवर आलात, बाबा?"

"आलोय की. संख्या काही पळून जात नाही. मीही आता कुठे पळणार?" त्यांनी मान वर केली. "तोंड का उतरलंय तुझं?"

"काही नाही. उद्या नदीपलीकडे जाऊन येते."

पेन्सिल थबकली. "तिथं काय आहे?"

"चष्मा करायचाय. तुम्ही नव्हता का गेलात एकदा?"

"गेलो होतो. जुनाच लावून परत आलो."

"का हो?"

"नंबर बदलला नव्हता," वडील म्हणाले आणि पुढचा अंक खाली उतरवू लागले.

थोरलीने त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिले. साठ वर्षांचे हे कष्ट एका हातच्यापायी वाया गेले, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? तिने वही कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सोबत्याच्या नातीने दार उघडले. पांढऱ्याशुभ्र केसांची, ताठ कण्याची बाई. थोरलीने आपण कोणाची पणती ते सांगितले. बाईने काही न विचारता खुर्ची पुढे केली.

"आमच्या पणजोबांचं चुकलं होतं, मावशी," थोरली उभ्यानेच म्हणाली. "तुमचे आजोबा खरे होते. भाजक ४२७३. देणं फेडायला फार उशीर झाला, माफी असावी. एकच मागणं आहे. माझ्या वडिलांच्या कानावर हे जाऊ देऊ नका. ते खचतील."

"बस आधी." मावशींनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि कोरा कागद तिच्यापुढे सारला. "भाजक लिही. खाली सही कर."

थोरलीने लिहिले. डोळे भरून आल्याने आकडे जरा वेडेवाकडेच उमटले.

मावशींनी कागदाची घडी घातली, डब्याचे झाकण उघडले आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "तुझ्या बाबांना झाला का गं चष्मा शेवटी?"

डब्यात तीन चिठ्ठ्या होत्या आणि तिन्हींवर ४२७३. वरची वडिलांच्या अक्षरातली, मधली आजोबांच्या; आणि तळाशी पणजोबांची, तिच्यावरच खाली सोबत्याने तांबड्या शाईत लिहिले होते : देणे पूर्ण फिटले; घरी कळू नये, अशी त्यांची विनंती.