प्रमाणित वेळ

महाविद्यालयाच्या अहवालाचा दावा असा: एक खोके बंद करण्याचा प्रमाणित वेळ ‘शास्त्रीय निरीक्षणातून’ निश्चित झाला. हे शास्त्र म्हणजे एक स्टॉपवॉच, ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकणारी भाची आणि पॅकिंगच्या टेबलापाशी राबणारी तिची मावशी. मावशीच्या कारखान्याने तो आकडा भिंतीवर लावला. भिंतीवरच्या आकड्याशी वाद घालता येत नाही. तो गाठताना पॅकिंगच्या साऱ्याजणींच्या नाकी नऊ आले. “भाचीला म्हणावं, आता आमचे श्वासही मोज,” शेजारच्या टेबलावरची मावशीला म्हणाली. भाचीने फेरमोजणी मागितली. प्राध्यापकांच्या मते मंजूर प्रकल्प अंतिम असतो. मागे पडल्याबद्दल मावशीलाच कामावरून काढायचे ठरले. “हा वेळ तुमच्याच हातांचा, मग तुम्हालाच का जमेना?” व्यवस्थापकाने विचारले. भाची दाराशी उभी होती, मुठीत तेच स्टॉपवॉच घेऊन. तिच्याकडे न पाहता मावशी म्हणाली, “पोरीला चांगले मार्क पडावेत म्हणून तेवढ्यापुरते हात पळवले, साहेब.”