दोन आर आणि एक दार

सिस्टरनी फळ्यावर शब्द लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला आणि पुन्हा पुसला.

"पहिलं बरोबर होतं," मास्तर म्हणाले.

"नशिबाने जमलं असेल. परीक्षेत चुकलंच होतं ना."

शब्द जुलाबाचा होता. मराठीत तीन अक्षरं, इंग्रजीत नऊ, आणि त्यातली निम्मी नुसती बघायला आलेली.

सिस्टर अकरा वर्षं एकाच दवाखान्यात हंगामी होत्या. कायम व्हायचं तर खात्याची लेखी परीक्षा द्यावी लागे. त्यात कुणीतरी रोगांची नावं वाचणार आणि आपण ती इंग्रजीत लिहायची. पहिल्यांदा त्या रीतसर नापास झाल्या. दुसऱ्यांदा एका मार्काने. पेपर दोन मिनिटं दाखवतात, हातात देत नाहीत. या शब्दाभोवती लाल गोल होता, आणि ती दोन मिनिटं त्या गोलाकडे बघण्यातच गेली. यंदाची वेळ शेवटची, पुढे वयात बसत नव्हत्या. गोल पाहिल्यापासून वॉर्डातही त्या शब्दाशी हात अडे. त्या लिहीपर्यंत पेशंट दोनदा जाऊन येई.

म्हणून दर रविवारी सकाळी त्या ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत येत. खालून वाफेचा वास, वर मास्तर. मास्तरांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या चुका भेटेनाशा झाल्या, करमेना, म्हणून त्यांनी मोठ्या माणसांसाठी स्पेलिंगचा वर्ग काढला. फी नाही, छडी नाही. फक्त एक अट: पाठ करायचं नाही.

"पाठ केलेलं विसरतं. शब्दाशी ओळख काढा," ते म्हणत.

आणि ओळख ते अशी काढून देत की शब्द आपला चुलतभाऊ वाटावा. रिसीटमधला पी बोलत का नाही? कारण तो पावतीतला प आहे, आणि पावती गुपचूप खिशात ठेवायची असते. न्यूमोनियाच्या सुरुवातीच्या पीला स्वतःलाच न्यूमोनिया झालाय, त्याचा आवाज बसलाय. कमिटीत एम दोन, टी दोन, ई दोन. एकाच्या कामाला दोघे लागतात, म्हणून तर ती कमिटी.

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने हे सगळं ऐकून आपल्या तीन जुन्या पाट्या फुकटात दुरुस्त करून दिल्या. गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही. पेंटर मात्र त्या रस्त्याने पुन्हा ताठ मानेने जाऊ लागला.

वर्गातले तिसरे म्हणजे शेवटच्या बाकावरचे काका. कडक इस्त्रीचा शर्ट, खाली मान. का आलात असं विचारल्यावर एवढंच म्हणाले होते की दप्तराचं काम आहे, आपली चूक दुसऱ्याला भोवते. ते लाल पेनने लिहीत, ऑफिसात तेच मिळतं म्हणून. पेंटर म्हणाला, बरंय, काकांची चूक आधीच लाल, मास्तरांचे कष्ट वाचले.

त्या रविवारी मास्तरांनी जुलाबाची ओळख काढून दिली.

"आधी दिवा. घाईत त्यातला व सांडला, राहिला डी आय ए. मग दोन आर धावत सुटले. पुढे एच. एच म्हणजे काय? दोन खांब, मधे कडी. दार आतून लावलेलं. मग बाहेरच्यांनी काय म्हणायचं?"

पेंटरने बाकावर टकटक करून पाहिली.

"ओ, ई, आ," सिस्टर म्हणाल्या, आणि अकरा वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेल्यासारख्या हसल्या.

चहाच्या वेळी काकांनी त्यांना हळूच विचारलं, की लाल गोल नक्की याच शब्दाला होता का.

"काका, गोल होता आणि आत शब्द होता. टरबूज असतं तर ओळखलं नसतं का मी?"

काकांचा चहा तसाच निवला.

पुढच्या रविवारपासून काका त्याच शब्दाच्या मागे लागले. पण सवय वाईट. दर वेळी एच गळे. सिस्टरनी त्यांना हाताशी धरलं. स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून त्या त्यांच्या वहीवर बोट ठेवत आणि म्हणत, "काका, दार लावायचं राहिलं." सात रविवारांनी काकांचं दार लागलं. त्यांना शिकवता शिकवता सिस्टरचा हात अडायचा कधी थांबला, ते त्यांनाही कळलं नाही. मास्तरांच्या मात्र लक्षात आलं होतं. ते त्या दिवशी फळा दोनदा पुसत बसले, डोळ्यांत खडू गेला म्हणाले.

परीक्षेत तोच शब्द आला. जुलाब काही टाळता येत नाही. सिस्टरनी डोळे मिटले, दिवा घेतला, दोन आर सोडले, दार लावलं आणि पुटपुटल्या, "ओ, ई, आ." पर्यवेक्षकांनी जवळ येऊन काळजीने विचारलं, बाहेर जायचंय का?

त्यानंतर तीन रविवार काका वर्गाला आले नाहीत. पेंटर म्हणाला, दार लावून बसले असतील.

चौथ्या आठवड्यात निकाल लागला. सिस्टर पास. तरी पेपर बघायचाच म्हणून त्या खात्यात गेल्या. कारकुनाने पेपर पुढ्यात ठेवला आणि घड्याळ पाहिलं. सिस्टरनी आधी तो शब्द शोधला. गोल नव्हता. शेजारी समासात लाल शाईने एक छोटं दार काढलं होतं, दोन खांब आणि मधे कडी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं:

"मागच्या वर्षीही तुम्ही दार लावलं होतं, सिस्टर. उघडं माझं राहिलं होतं."