गाडी पुन्हा पहिल्या रेषेवर

सून काहीतरी लपवत होती. काय ते मोठ्या बाईंना उमगत नव्हतं, पण लपवत होती एवढं नक्की. संध्याकाळी कामावरून आली की ती सासऱ्यांच्या खोलीत शिरायची, दार लोटून घ्यायची, आणि मग आतून मोटारींच्या शर्यतीच्या खेळाचा आवाज तासभर अखंड यायचा. मोठ्या बाई आत गेल्या की ती टीव्हीपुढून गडबडीनं उठायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, आई."

काही नाही, तर मग तोच खेळ दिवसा त्यांच्यासमोर का चालत नव्हता?

व्हिडिओ गेमचं यंत्र मुलाच्या लहानपणीचं, माळ्यावरून काढलेलं. सीडी घातली की टीव्हीवर लाल मोटार यायची, आणि रिमोटवर अंगठा दाबून ती वळवायची. मोठ्या बाईंच्या यजमानांना सगळी गल्ली 'घड्याळवाले' म्हणायची. त्यांना झटका आला आणि उजवा हात गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी डाव्या हातानं भिंतीवर मारला होता. हा खेळ मात्र धरून बसले, आणि अंगठा हलायला लागला. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "या दोन महिन्यांत जे परत येईल तेवढंच येईल. दिवसभर खेळू द्या त्यांना."

मोठ्या बाईंनी ते मनावर घेतलं. यंत्राची धूळ झटकली. घरातल्या फ्रिजला, मिक्सरला होतं तसं त्यालाही अस्तर लावून जाड कापडाचं कव्हर शिवलं, वायरींपुरती भोकं ठेवली, आणि सकाळची भांडी आवरली की त्या यजमानांशेजारी खुर्ची ओढून बसू लागल्या.

रोज तेच व्हायचं. शर्यत पाच फेऱ्यांची. मोटार चार फेऱ्या पुऱ्या करायची, पाचवीला लागायची, की पडदा काळा. त्यावर काहीतरी लिहिलेलं यायचं, पण मोठ्या बाई अक्षराला अक्षर जुळवेपर्यंत ते निघून जायचं. मग वाजंत्री, आणि मोटार पुन्हा पहिल्या रेषेवर. घड्याळवाले रिमोट मांडीवर टाकायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग दुपारपर्यंत अंगठा हलायचा नाही.

मोठ्या बाईंनी प्लग बदलला. वायर दाबून पाहिली, ढिली करून पाहिली. सीडी मऊ फडक्यानं पुसली. शेवटी यंत्र पिशवीत घालून टीव्हीवाल्याच्या दुकानात नेलं. त्यानं कव्हर काढून पिशवीत परत ठेवलं आणि उद्या या म्हणाला.

"दिवसभर चालवलं, आजी. एकदाही बंद पडलं नाही. मशीन ठणठणीत आहे."

"मग माझ्याच घरी काय माझं तोंड बघून बंद पडतं?"

टीव्हीवाला हसला. त्यांना हसू आलं नाही. रस्ताभर तेच डोक्यात घोळत राहिलं. सुनेपुढं चालतं, परक्यापुढं चालतं, आपण शेजारी बसलो की बंद. यंत्राला मेल्याला काय कळतंय? पण यांनाच आपण शेजारी नको असलो तर? हेच हळूच एखादी कळ दाबत असले तर? दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारीकडं बघितलंच नाही, यजमानांच्या डाव्या हातावर नजर लावून बसल्या. डावा हात उशीवर गुमान पडून होता. पडदा तरीही काळा झाला.

त्या संध्याकाळी मोठ्या बाई स्वतःच्या घरात दाराआड उभ्या राहिल्या. फटीतून सून दिसत होती. तिनं यंत्रावरचं कव्हर काढलं, घडी करून मांडीवर ठेवलं आणि यंत्राच्या पाठीवर तळवा टेकला. "थांबा बाबा, जरा निवू दे." दोघं वाट बघत बसले. मग मोटार सुटली. चार फेऱ्या झाल्या. पाचवी झाली. घड्याळवाल्यांच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता हे मोठ्या बाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला, झटक्यानंतर त्यांनी तो ऐकलाच नव्हता.

त्यांनी दार ढकललं. सून कव्हर उलगडायला लागली.

"राहू दे ते. तापतं होय?"

"हो, आई. मागून हवा लागते त्याला."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच आठवड्यात. मी काढून ठेवलं होतं, तर तुम्ही म्हणालात, धूळ बसते, कव्हरला कुणी हात लावला? मग..."

"मग मिठाची गुळणी धरलीस. तीन आठवडे."

मोठ्या बाई यजमानांकडं वळल्या. या माणसानं जन्मभर लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडून बघितली होती.

"आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका."

घड्याळवाल्यांनी जड जिभेनं एकेक शब्द पुढं ढकलला. "तू... हौसेनं... शिवलंस."

मोठ्या बाईंनी वाकून यजमानांच्या मांडीवरचा रिमोट उचलला, त्यांच्या उजव्या हातात नीट बसवला, अंगठा कळीवर ठेवला आणि त्यांच्याकडं पाठ करून सुनेपुढं उभ्या राहिल्या.

"तुझ्या चांगुलपणापायी यांचे तीन आठवडे गेले. यापुढं माझं चुकलं की मला सांगत जा. मी ऐकणार नाही. तरी सांगत जा."