शेवटचा हंडा

“नीट बघून घे,” म्हातारा रंगारी मुलीला म्हणाला. “उद्या विचारशील तर मी इथे नसेन.”

उद्या थोरला मुलगा, दादा, गाडी घेऊन येणार होता. भट्टीघर विकलं गेलं होतं. नवा मालक ते पाडून तिथे गाड्या धुण्याचं दुकान काढणार होता. म्हाताऱ्याची रवानगी दादाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात व्हायची होती. तिथे भिंतीला डाग पडेल म्हणून ओला टॉवेलसुद्धा जपून ठेवावा लागे. रंगाच्या मुळ्या आणून देणाऱ्याने तो धंदा कधीच सोडला होता, आणि घरात उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या आज हंड्यात पडल्या होत्या. जे काही दाखवायचं ते आजच, याच हंड्यात.

त्यांच्या घराण्याच्या लाल रंगाला बाजारात मान होता. कापड उकळत आलं की शेवटी एक पूड टाकायची. पूड साधीच, कुठल्याही दुकानात मिळणारी. पण ती कधी टाकायची आणि किती, हे हंड्यावरच्या फेसाकडे बघून ठरायचं. तोंडाने सांगून ते कुणाला कळलं नसतं. आणि नेमक्या त्याच वेळी घरातल्या बायकांनी भट्टीघराबाहेर जायचं, असा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. मुली लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणार, जाताना रंगही घेऊन जाणार, ही पूर्वजांना धास्ती. मुलग्यांची धास्ती कुणालाच वाटली नाही. मुलगेही गेलेच, पण रंग इथेच टाकून. दादा बँकेत चिकटला, धाकटा बस चालवतो.

महिनाभर स्वतःशी भांडून म्हाताऱ्याने शेवटी मुलीला फोन केला होता. “ये. शिकवतो,” एवढंच म्हणाला होता. फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून रडली होती. लहानपणी या एका गोष्टीसाठी तिने किती हट्ट केला होता.

सकाळपासून ती बाह्या दुमडून हंड्याशी उभी होती. जाळ कधी ओढायचा, काठी तळापासून कशी फिरवायची, सगळं तिने भराभर उचललं.

“हात चांगला आहे तुझा,” म्हातारा म्हणाला. “दादाला एकदा ढवळायला दिलं होतं, तर कापडापेक्षा तोच जास्त रंगला.”

ती हसली. तोही हसला, आणि मग तिच्या काठीवरच्या हाताकडे बघू लागला. हा हात त्याने इतकी वर्षं दाराबाहेर ठेवला होता.

फेस बदलायला लागला. म्हाताऱ्याने हात पुसले, फळीवरचा डबा काढला आणि घसा खाकरला.

ती अंगणात आली. नळावर हात धुतले. वाळत घालायच्या दोऱ्या आज मोकळ्याच होत्या. आई इथेच उभी राहायची, दाराकडे पाठ करून, शेजारणीशी गप्पा मारत. आत्ताही शेजारीण भिंतीवरून डोकावली.

“झाली का आवराआवर?”

“होत आलीय, काकू. भांडी तेवढी बांधायची राहिलीत.”

आतून हंड्यावर झाकण पडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तिला आपण कुठे उभ्या आहोत ते कळलं. ती धावत आत गेली.

म्हातारा हंड्यापाशी उभा होता. हातात डबा होता, बोटांना पूड लागलेली होती.

“बाबा, टाकलीत?”

“टाकली.”

तिने झाकण उचललं. फेस विरला होता आणि रंग खोल, गर्द लाल झाला होता. तिथे आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला. ती तिथेच सरपणाच्या ओंडक्यावर बसली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. लहानपणापासून बायकांना बाहेर काढणारा तो खाकरण्याचा आवाज नुसता आला आणि तिचे पाय चालायला लागले होते.

“मी वेड्यासारखी बाहेर गेले,” ती म्हणाली. “पण तुम्ही हाक तरी मारायचीत, बाबा.”

म्हातारा बोटांवरची पूड चोळत राहिला. मग तिच्याकडे न बघता बोलला.

“कशी मारणार? मूठ भरून थांबलो होतो मी. तू बाहेर जायची वाट बघत.”