एका हाताची मांडणी

"दोन हात लागतात, आबा. एक कीबोर्डला, एक माउसला," कॉम्प्युटर क्लास चालवणारा सुयोग म्हणाला. "मागंही मी लोक परत पाठवलेत."

धोंडीबा दारातच उभा होता. उजवा हात उपरण्याच्या झोळीत, गळ्याशी बांधलेला. इंदापूरच्या क्लासात हेच ऐकून तो कळंबहून बारामतीला आला होता.

"एका हातानं जमतंय असं दाखवलं तर?"

"जमत नाही."

"दाखवलं तर?"

क्लासातली पोरं टाइप करायची थांबली होती. सुयोगनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. "तर प्रवेश देतो. सगळ्यांदेखत सांगतो."

रश्मी त्या क्लासात शिकवायची. तिनं कोपऱ्यातलं जुनं मशीन धोंडीबाला दाखवलं. त्यावर तिनं एका मासिकाच्या सीडीवरून विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. क्लासात सगळी विंडोजवाली, त्यामुळं त्याला कुणी हात लावत नसे.

"हाताला काय झालं, आबा?"

"कडबाकुट्टीचं मशीन," धोंडीबा म्हणाला आणि खुर्ची डाव्या हातानं ओढून बसला. उपरण्याखाली पंजा आहे का नाही, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून तो सकाळच्या एसटीनं येऊ लागला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये उमेदवारी केलेली, त्यामुळं इंग्रजी अक्षरं त्याला येत होती. बाकी सगळं पहिल्यापासून.

पडद्यावर एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, आणि दुसरीनं पहिलीला झाकून टाकलं.

"ही बाजूला कशी सारायची?"

"माउसनं ओढून."

"म्हंजे हात कीबोर्डवरनं उचलायचा, तिकडं न्यायचा, परत आणायचा. आणि दर वेळंला." त्यानं मान हलवली. "बाई, वाफ्यावर वाफा चढवून कुणी मेथी लावतं का? शेजारी शेजारी मांडायच्या की."

रश्मी हसली. मग तिला आठवलं. खिडक्या कुठं बसवायच्या हे ठरवणारा प्रोग्राम वेगळा असतो, आणि लिनक्समध्ये तो बदलता येतो. काही प्रोग्राम खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी बसवतात. एकीवर दुसरी चढत नाही आणि माउसही लागत नाही.

तिनं तसले तीन शोधून आणले.

पहिला धोंडीबानं दुपारपर्यंत वापरला. सगळी बटणं उजव्या बाजूला, बाणांवर. "ही डावीकडं घ्या."

"त्यासाठी आख्खा प्रोग्राम नव्यानं बांधावा लागेल. देते मी करून."

"आणि उद्या तुमी लग्न करून गेला म्हंजे? न्हाय. बसणाऱ्याला स्वतःला बदलता आलं पाहिजे."

दुसऱ्याची मांडणी बदलता यायची, पण तिच्या फायलीत कंस आणि खुणा इतक्या, की एक कंस राहिला की पडदा काळा. धोंडीबानं दोनदा काळा केला. तिसऱ्यांदा रश्मीनंच केला.

"तुमच्याच्यानं हुईना, मग घरात एकटं बसणाऱ्यानं काय करावं?"

जाता जाता सुयोग थांबला. "आबा, कशाला जिवाला त्रास? या वयात नातवंडं खेळवायची."

"तुमी दिलेला शब्द ध्यानात ठेवा म्हंजे झालं."

दुपारी त्यानं फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, कडेनं एकसारखी, मधी पातळ.

"कुणी थापली एवढी छान?" रश्मीनं विचारलं.

"मीच. घरची मालकीण गेली संक्रांतीला." त्यानं भाकरी मधोमध मोडली. "जाताना एक काम सांगून गेली. तेवढं झालं की मला कुणाचं काय ऐकायचं न्हाय."

त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी परत फडक्यात ठेवली आणि दातानं गाठ मारली. रश्मीला काहीतरी विचारायचं होतं, पण तेवढ्यात सुयोगनं हाक मारली.

तिसरा प्रोग्राम दिसायला अगदी गबाळा होता. रंग नाही, चित्र नाही. पण त्याची फाइल साधी होती. एका ओळीत एक बटण आणि एक काम. ओळ बदलली की बटण बदललं. ओळ चुकली तर तेवढंच बटण चालायचं नाही, बाकीचं सगळं चालू.

धोंडीबानं डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर पसरली. अंगठा कुठं पडतो, करंगळी कुठवर पोचते, ते बघून एकेक ओळ लिहिली. एका बटणानं नवी खिडकी, दुसऱ्यानं शेजारच्या खिडकीत, तिसऱ्यानं बंद. एकदा सवयीनं झोळीकडचा खांदा पुढं आला, तेव्हा त्यानं स्वतःलाच दटावलं, "गप बस."

"आता हाच," तो म्हणाला. "हाच ठरला."

शनिवारी सगळ्या क्लासासमोर सुयोगनं परीक्षा घेतली. डाव्या खिडकीत पत्र, उजवीत बाजारभावाचा तक्ता, तक्त्यातला आकडा उचलून पत्रात घालायचा आणि तिसऱ्या खिडकीतून छापायचं. माउस त्यानं मुद्दाम कीबोर्डशेजारी ठेवला.

धोंडीबानं कोपरानं माउस टेबलाखाली ढकलला. तो वायरीला लोंबकळत राहिला.

काम हळू झालं, पण झालं. प्रिंटर किरकिरला आणि पत्र बाहेर आलं. मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं, "सर, शब्द."

सुयोगनं पत्र दोनदा वाचलं. "जमतंय," तो म्हणाला. "मान्य. बसा, आबा, सोमवारपासून. रजिस्टरला नाव काय घालू?"

धोंडीबा उठला. त्यानं उपरण्याची गाठ सोडली. धडधाकट उजवा हात बाहेर काढला, आखडलेली बोटं दोन-चारदा उघडमीट केली, आणि दोन्ही हातांनी खुर्ची मागं ओढून रिकामी धरली.

"नाव तिचं तीच सांगंल," तो म्हणाला आणि दाराकडं वळला. "छकुले, ये आत."

बाहेर लिंबाखाली बसलेली त्याची नात अर्ध्या भाकरीचं फडकं झटकून उठली. तिच्या झंपराची उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली होती.